मधला तुकडा

"किरकोळ आहे हो मॅडम, तुम्ही सावकाश या," असं शाळेतून कुणी फोनवर सांगितलं, की समजावं, आता पळत सुटायची वेळ झाली. कल्याणी मॅडमचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीला ऑफिसात मीटिंगमध्ये होते. कल्याणी मॅडम माझ्या मुलीला शाळेत खो-खो शिकवतात. मुलीचं नाव प्रियदर्शनी, पण त्या नावाने तिला फक्त हजेरीत हाक मारतात. आमची ती दर्शू. आठवीत आहे. त्या शुक्रवारी तिच्या संघाची सेमीफायनल होती आणि मी बघायला जाणार होते. सकाळी वेणी घालताना "नक्की येते" म्हणाले होते. पण आमच्या साहेबांना जगाचे सगळे प्रश्न शुक्रवारी दुपारीच सोडवायचे असतात.

"खांबावर सूर मारताना डोकं आपटलंय जरासं. बाबा आहेत तिच्यासोबत, दवाखान्यात नेलंय," मॅडम म्हणाल्या.

मी लॅपटॉप मिटला, साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही, आणि निघाले. निघाले म्हणजे काय, गाडीत जाऊन बसले. हिंजवडीतून बाहेर पडणं माणसाच्या हातात थोडंच असतं! पुढे कंपन्यांच्या बसगाड्या, मागे कंपन्यांच्या बसगाड्या, आणि मध्ये मी हॉर्न बडवत. अभयला फोन लावला, उचलेना. परत लावला, परत उचलेना. अभय माझा नवरा. आणि तेवढ्यात माझा फोन टिंग वाजला. आमच्या घरच्या ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आला होता. बायकोचा फोन घ्यायला वेळ नव्हता, व्हिडिओ टाकायला होता. डोक्यात तिडीकच गेली माझ्या.

या व्हिडिओंबद्दल सांगायला हवं. अभय एका डेअरीच्या लॅबमध्ये काम करतो, दुधाचे नमुने तपासतो, अत्यंत शांत माणूस. पण दर्शू मैदानात उतरली की हा फोन काढतो आणि वर स्वतःच कॉमेंट्री करतो. तिची प्रत्येक मॅच, प्रत्येक सूर, इतकंच काय, जिंकल्यावर खाल्लेला वडापावसुद्धा त्याच्या फोनमध्ये आहे. नागपूरची त्याची बहीण सोनाली, पोरीची आत्या, ती तर त्या व्हिडिओंची वाटच बघत असते. टाकला रे टाकला, की हिच्या टाळ्या, हिचे वाघाचे चेहरे. अभय म्हणतो, "उद्या पोरगी मोठी खेळाडू झाली, की हेच लागणार आहे." मी म्हणते, उद्याचं उद्या, आज जरा डब्याचे पैसे भरायला शाळेत जाशील का?

वाकडच्या सिग्नलला मी तो व्हिडिओ उघडला. दर्शू पाठलागावर होती. पिवळ्या टी-शर्टातली एक मुलगी तिच्यापुढे पळत होती. दर्शूने खांबापाशी अंग झोकून दिलं, हात पिवळीच्या पाठीपर्यंत गेला, आणि ठक्क. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. दर्शू तोंडावर पडली. पिवळी तिच्या मागून सटकली आणि जाता जाता वळून हसली, मेली. आणि लगेच दर्शू उभी. तोंडाला माती, रिबन सुटलेली, बाजूला कल्याणी मॅडम. टाळ्यांचा कडकडाट आणि अभयचा आवाज, "उठली बघा! वाघीण आहे माझी वाघीण!"

पडली आणि उठली. एवढंच. जीव भांड्यात पडला. तरी पुढच्या सिग्नलला परत पाहिला, त्याच्या पुढच्यालाही. मला तो आवाज ऐकायचा नव्हता आणि ऐकल्याशिवाय राहवतही नव्हतं.

कात्रजला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे पोचले तेव्हा त्या दोघांचा नंबर नुकताच लागत होता. दर्शू अभयच्या फोनमध्ये डोकं घालून बसली होती. मला बघून हसली, पण उशिरा हसली. म्हणजे आधी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मग हसली. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.

डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, एका रेषेत चालायला लावलं. "चक्कर? उलटी? बेशुद्ध झाली होती का?"

"छे छे, लगेच उठली," अभय म्हणाला. "हे बघा ना." आणि व्हिडिओ दाखवला. मी कपाळाला हात लावला.

"पोरीला बोलू द्या जरा," डॉक्टर म्हणाले. "काय गं, कशी पडलीस? आठवतंय?"

दर्शूने घडाघडा सांगितलं. पिवळ्या टी-शर्टवाली पुढे होती, मी सूर मारला, हात तिच्या पाठीपर्यंत गेला, डोकं खांबावर आपटलं, मी तोंडावर पडले, ती मागून सटकली आणि वळून हसली, मग मी उठले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांचं समाधान झालं. "स्मरण छान आहे. मग आज आराम करा, उद्या सकाळी बरी असेल तर बघा. पण डोकं दुखलं, उलटी झाली, किंवा काही आठवेनासं झालं, तर खेळ बंद आणि थेट मोठं हॉस्पिटल. एकदा हललेल्या मेंदूला दुसरा मार बसला, तर मग माझ्याकडे आणू नका. माझा आणि तुमचा, दोघांचाही वेळ जाईल."

आमचे डॉक्टर असेच बोलतात. अभयने त्यातलं फक्त 'उद्या बघा' एवढंच ऐकलं. कारण उद्या वाघोलीला एका कॉलेजच्या मैदानावर फायनल होती, आणि फायनलमधूनच जिल्ह्याच्या संघात मुली निवडणार होते.

संध्याकाळभर मला एका जागी बसवेना. पोळ्या लाटता लाटता बाहेर येऊन बघायचे, दर्शू आहे ना. ती सोफ्यावर पडलेली असायची. "काय गं, डोकं दुखतंय?" "नाही." "मग दिवा का बंद केलास?" "असाच." शेजारच्या प्रेमलाकाकू डोकावून गेल्या, त्यांनाही तिने सगळं सांगितलं. पिवळी पुढे, सूर, ठक्क, पिवळी हसली, टाळ्या. काकू म्हणाल्या, "बाई बाई, काय धीराची पोर!" अभयची मान दोन इंच वर झाली.

"मला काहीतरी बरं वाटत नाहीये, अभय," मी म्हणाले.

"काय बरं वाटत नाहीये? सांग ना."

तेच तर सांगता येत नव्हतं! ताप नाही, उलटी नाही, जेवली, बोलली. फक्त वरण वाढलं तेव्हा म्हणाली, "आज गुरुवार ना? मग उद्या शाळेत रंग न्यायचेत." मी म्हटलं, "शुक्रवार आहे गं." तर लगेच, "हो हो, गंमत केली." गंमत! कुठल्या पोराला वाराची गंमत सुचते?

"दमलीये ती," अभय म्हणाला. "शर्मिला, तू ना, नसलेलं शोधत बसतेस. उद्या तिला बसवलं तर ती आयुष्यभर बोलेल आपल्याला. अपेक्षाला घेतील तिच्या जागी. आणि अपेक्षाचा सूर बघितलायस का तू? पोतं टाकल्यासारखी पडते."

"पडू दे. डोक्यावर नाही ना पडत?"

मग त्याने ताट उचललं, मी पातेलं. आमच्यात भांडण म्हणजे असंच असतं, दोघंही भांडी जोरात ठेवतात.

सकाळी दर्शू माझ्याआधी तयार होऊन बसली होती. बूट, मोजे, सात नंबरचा टी-शर्ट. अभयने फोन चार्ज केला होता, वर आणखी एक जादा बॅटरीही पिशवीत टाकली होती. मी दर्शूला समोर उभं केलं. "खरं सांग, दर्शू. एकदम बरं वाटतंय?"

"हो गं आई."

"माझ्याकडे बघून सांग."

तिने बघितलं. खिडकीतून ऊन येत होतं, तिने डोळे बारीक केले. "हो म्हटलं ना." डॉक्टर बघा म्हणाले, पोरगी बरी म्हणते, बाप बरी म्हणतो, आणि माझ्याकडे काय होतं? चुकलेला एक वार आणि बंद केलेला दिवा. एवढं दाखवून कुणाची फायनल थांबवता येत नाही. निघालो.

कात्रजहून वाघोली म्हणजे पुण्याचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं. कोंढवा, हडपसर, मुंढवा, प्रत्येक ठिकाणी खोदून ठेवलेलं. अभय गाडी चालवत होता आणि दर मिनिटाला घड्याळ बघत होता. मी दर मिनिटाला मागे वळून दर्शूला बघत होते. तिने टोपी नाकापर्यंत ओढली होती.

मुंढव्याच्या पुलाशी नागपूरहून सोनालीचा फोन आला. अभयने स्पीकर लावला.

"जय भीम, आत्या," दर्शू म्हणाली.

"जय भीम, माझ्या वाघिणी! कशी आहेस? सांग न मले, कशी पडली तू? किती लागलं?"

आणि दर्शूने परत सुरू केलं. "पिवळ्या टी-शर्टवाली पुढे होती. मी सूर मारला. हात तिच्या पाठीपर्यंत गेला. डोकं खांबावर आपटलं. मी तोंडावर पडले. ती मागून सटकली आणि वळून हसली..."

तेच शब्द. डॉक्टरांना जे सांगितले, प्रेमलाकाकूंना जे सांगितले, तेच, त्याच क्रमाने. इतिहासाचं उत्तर म्हणून दाखवावं तसे.

"दर्शू," मी मागे वळले, "ती हसलेली तुला कशी दिसली?"

"म्हणजे?"

"तू तोंडावर पडली होतीस ना? तोंड मातीत. ती तुझ्या मागे. मग तिचं हसणं तुला दिसलं कुठून?"

दर्शू टोपीच्या कडेशी चाळा करायला लागली. मला ते आदल्या दिवशीच खटकायला हवं होतं. पण व्हिडिओ मीही इतक्यांदा पाहिला होता, की माझ्या डोळ्यांनाही ते हसणं खरंच दिसल्यासारखं झालं होतं.

"शर्मिला, काय वकिलासारखी उलटतपासणी..." अभय बोलायला लागला.

"तू थांब." मी पट्टा सोडून पूर्ण मागे वळले. "दर्शू, व्हिडिओ संपल्यावर काय झालं? मैदानातून दवाखान्यात कशी गेलीस?"

तिने आरशात बघितलं. आरशात अभयचे डोळे होते. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात बघावं तशी ती बघत होती. मी अभयला म्हणाले, "एक शब्द बोलू नकोस."

"बाबांच्या स्कूटरवरून," दर्शू म्हणाली.

मला माहीत नव्हतं ते बरोबर की चूक. मी अभयकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. त्याने हळूहळू गाडी कडेला घेतली, मागच्या टेम्पोवाल्याने शिवी घातली, तीही ऐकून घेतली.

"स्कूटर गॅरेजला आहे," तो म्हणाला. "आम्ही रिक्षाने गेलो."

सोनालीने फोन कधी ठेवला कळलं नाही. दर्शूने टोपी आणखी खाली ओढली आणि टोपीच्या आतून रडायला लागली. "मला काहीच नाही आठवत, आई. सकाळी तू वेणी घातलीस, ते आठवतं. मग एकदम दवाखाना. बाबांनी फोन दिला बघायला, तेव्हा कळलं मी पडले. ती व्हिडिओतली मुलगी उठते ना, ती मीच आहे हे मला खरंच वाटेना. मला भीती वाटली."

"मग सांगितलं का नाहीस, बाळा?"

"बाबा सगळ्यांना सांगत होते, लगेच उठली म्हणून. आणि मॅडम नेहमी म्हणतात, डोक्याला लागलं आणि आठवत नसेल तर खेळायचं नाही. मला खेळायचं होतं."

अभय स्टिअरिंगला धरून बसला होता. मग समोर बघतच म्हणाला, "रिक्षात ती सारखी विचारत होती. आई आली का? मी म्हटलं, येतेय. दोन मिनिटांनी परत, आई आली का? परत सांगितलं. परत तेच."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?"

"मला वाटलं, तुझी आठवण येतेय तिला."

त्याला फाडून खावंसं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं. आई आली का. आई कुठून येणार, आई साहेबांच्या तोंडाकडे बघत बसली होती! तेव्हा एवढंच म्हणाले, "गाडी वळव."

"वळवायला कशाला, खराडीतच मोठं हॉस्पिटल आहे," तो म्हणाला, आणि मग मैदानाकडचाच रस्ता आम्ही हॉस्पिटलसाठी धरला. वाटेत मी कल्याणी मॅडमना फोन केला. दर्शू खेळणार नाही म्हटलं, का तेही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "बरं केलंत हो. मला म्हणाली होती डॉक्टरांनी हो म्हटलंय. अपेक्षाला तयार करते." मागच्या सीटवर दर्शूने ते ऐकलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. भांडलीसुद्धा नाही, म्हणजे केवढी घाबरली असेल बघा.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी दर्शूला निजवलं आणि विचारायला सुरुवात केली. पहिलाच प्रश्न आला, "कशी पडलीस?" अभयने तोंड उघडलं आणि मिटलं.

"मला नाही आठवत," दर्शू म्हणाली. लेकीला एखादं उत्तर येत नाही म्हणून मला इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं.

"पडल्यावर किती वेळ हलली नव्हती?" डॉक्टरीणबाईंनी आम्हाला विचारलं. "कोण होतं तिथे?"

"मी," अभय म्हणाला. "ती लगेच..." आणि अडकला. खिशातून फोन काढला. "माझ्याकडे पूर्ण व्हिडिओ आहे. ग्रुपवर टाकताना मधला तुकडा काढला होता."

"कुठला मधला तुकडा?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे न बघता फोन पुढे धरला. "काहीच घडत नव्हतं त्यात. लांबत होतं उगाच."

सूर, ठक्क, पिवळीचं हसणं. आणि मग दर्शू पडून होती. नुसती पडून. एक हात अंगाखाली दुमडलेला. पिवळी थांबली, तिचं हसू गेलं. बसलेल्या मुली उठून उभ्या राहिल्या. अभयचा आवाज येत होता, "ऊठ, दर्शू! ऊठ, बाळा! उठणार, उठणार!" आणि ती हलत नव्हती. शिट्टी वाजली. कल्याणी मॅडम मैदानाच्या पार त्या टोकाहून चप्पल टाकून धावत आल्या, गुडघ्यांवर बसल्या, तिला उताणी केली, तिच्या तोंडातली माती बोटाने काढली. हे सगळं स्वच्छ दिसत होतं, कारण फोन जरासुद्धा हलला नव्हता. मग दर्शूचे डोळे उघडले, तिने काहीतरी विचारलं, ते ऐकू येत नव्हतं. मला ऐकायची गरज नव्हती. मग टाळ्या.

डॉक्टरीणबाईंनी तो भाग परत पाहिला. अभय म्हणाला, "आवाज बंद कराल का?" त्यांनी केला.

स्कॅनला एकच माणूस आत येऊ शकेल म्हणाले. मी गेले. दर्शूचा हात धरून उभी राहिले, मनात जेवढं भलंबुरं येऊ शकतं तेवढं सगळं आलं. बाहेर अभय काचेच्या दारापाशी येरझारा घालत होता. त्याचा फोन वाजत होता, आत्या काय झालं विचारत होती, बाकी सगळे फायनलचा व्हिडिओ मागत होते. तो फोन काढायचा, बघायचा, परत ठेवायचा.

रिपोर्ट आला. आत रक्तस्राव नव्हता. मेंदूला धक्का मात्र बसला होता. "आज खेळली असती आणि पुन्हा आपटली असती, तर गोष्ट वेगळी झाली असती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता आराम. शाळा काही दिवस नाही, मोबाइल अजिबात नाही, आणि खेळ मी सांगेन तेव्हा." मी त्यांच्या हातापाया पडायचीच बाकी होते. मी तिथेच एका बाकावर बसले.

संध्याकाळपर्यंत निरीक्षणासाठी ठेवणार होते. खोलीचे पडदे ओढले. दर्शू एक झोप काढून जागी झाली, तेव्हा पलंगाच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला अभय.

"आई," ती म्हणाली, "काल तू आली होतीस का गं? मॅचला?"

हो म्हटलं असतं तर खपलं असतं. तिला कुठे काही आठवत होतं! "नाही गं," मी म्हणाले. "येणार होते, पण नाही आले. चुकलं माझं."

तिने मान हलवली. मग अभयकडे वळली. "मग मला उचललं कुणी, बाबा? तुम्ही?"

मी अभयकडे बघितलं. कालपासून त्या पोरीच्या डोक्यातल्या रिकाम्या जागेत त्याने जे जे भरलं, ते ते तिने खरं मानलं होतं. आत्ताही मानलं असतं. एक 'हो' म्हणायचं होतं फक्त.

त्याने तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले, टेंगळाला धक्का न लावता.

"नाही, बाळा," तो म्हणाला. "कल्याणी मॅडमनी उचललं. मी व्हिडिओ घेत होतो."